बॉश डब्ल्यू ८ ए सी : जुन्या बीटलला साधा प्लगच मानवतो

आमच्या १९६८ च्या फोक्सवागन बीटलच्या १५०० सीसी इंजिनात बॉशचे डब्ल्यू ८ ए सी हे चार स्पार्क प्लग (इंधन पेटवण्यासाठी ठिणगी पाडणारे) बसवून सुमारे ३,००० किलोमीटर झाले आहेत आणि त्यात पसरणीच्या घाटाच्या दोन फेऱ्याही आल्या. पुढच्या वेळीही मी हेच प्लग घेईन.

आपल्याकडच्या मेकॅनिकना बॉशचा प्लग ‘मायको’ या जुन्या नावानेच अधिक ओळखीचा आहे. दुकानात मात्र केवळ नाव न सांगता पूर्ण क्रमांक सांगावा. या इंजिनाला १४ मिलिमीटर व्यासाचा आणि १२.७ मिलिमीटर लांबीच्या आट्यांचा प्लग लागतो. लांब आट्यांचा प्लग दिसायला सारखा असला तरी तो आत जास्त शिरून पिस्टनला धडकू शकतो. उष्णतेच्या क्रमांकाबाबतही गोंधळ होतो, कारण बॉशमध्ये आकडा वाढतो तसा प्लग अधिक गरम प्रकारचा, म्हणजे टोकाची उष्णता सावकाश सोडणारा होतो, तर एनजीके या दुसऱ्या कंपनीच्या प्लगमध्ये नेमके उलटे असते. त्यामुळे बॉशच्या ८ ला जवळचा पर्याय एनजीकेचा बी ५ एच एस आहे. ‘आठ नंबर द्या’ एवढेच सांगून भलता प्लग हातात पडू शकतो.

इरिडियमचे महागडे प्लग जास्त टिकतात, हे खरे. पण या गाडीत व्हॉल्व्हचा गॅप (झडपेजवळची ठरावीक फट) वरचेवर तपासावा लागतो आणि त्या वेळी प्लग काढले की इंजिन हाताने सहज फिरते. प्लग एरवीही बाहेर येणारच असेल, तर तांब्याच्या गाभ्याचा हा स्वस्त प्लग पुरेसा आहे.

बसवताना इंजिन पूर्ण थंड असावे, कारण हेड ॲल्युमिनियमचे आहे आणि त्याचे आटे एकदा गेले की काम फार वाढते. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) प्लगच्या टोकाचा, ठिणगी पडते तो गॅप ०.७ मिलिमीटर करून घेतला. पुढच्या बाजूचे एक आणि तीन नंबरचे प्लग धड दिसतही नाहीत, म्हणून रबरी नळीचा तुकडा प्लगच्या टोकावर खोचून सुरुवातीचे आटे बोटांनीच धरवले. आटे वाकडे लागले तर नळी आपोआप घसरते. शेवटी टॉर्क पान्याने (किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या पान्याने) सुमारे ३० न्यूटन-मीटरपर्यंत आवळले.

प्लगवर बसणाऱ्या वायरच्या टोपणांवरील रबरी कड्यांकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. मागे एका गॅरेजने त्यांतल्या दोन निरुपयोगी समजून फेकून दिल्या होत्या. हे इंजिन हवेने थंड होते; पंख्याची हवा सिलिंडरवरून वाहण्यासाठी पत्र्याचे आवरण बंदिस्त असावे लागते, आणि कडी नसली की तीच हवा प्लगच्या भोकातून बाहेर निसटते. प्लगबरोबर मी चारही कड्या नव्या घातल्या.

परवा प्लग काढून पाहिले. तीन प्लग फिकट तपकिरी, म्हणजे हवे तसे होते, काजळी नव्हती. तीन नंबरचा त्यांच्याहून किंचित फिकट निघाला, पण फार तापून पांढरा पडलेला नव्हता. या जुन्या रचनेत ऑइल कूलर (इंजिन ऑइल थंड करणारा भाग) पंख्याच्या आवरणातच उभा असल्याने त्या सिलिंडरला तापलेली हवा मिळते, आणि तिथे एवढा फरक मी गृहीतच धरला होता. भर उन्हाळ्यात सतत वेगाने लांबचा प्रवास करायचा असेल, तर थोडा थंड प्रकारचा डब्ल्यू ७ ए सी वापरून पाहावा. शहरातल्या थांबत-थांबत चालण्याला मात्र ८ च ठीक.