फायबरचे बॉनेट की पॉलिकार्बोनेटच्या काचा: जुन्या ऑक्टाव्हिया आरएसचे वजन उतरवताना

मागची सीट, कार्पेट, छताचे अस्तर, स्टेपनी, स्पीकर, एसीची सगळी जोडणी आणि तळपत्र्याला चिकटलेला डांबरी थर एवढे निघाल्यानंतर शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायच्या जुन्या स्पोर्ट्स गाडीतून आणखी वजन फुकटात निघत नाही. तिथून पुढचा प्रत्येक किलो विकत घ्यावा लागतो, आणि त्या टप्प्यावर बहुतेकांसमोर दोन वाटा उरतात. एक म्हणजे लोखंडी बॉनेटच्या जागी फायबरचे, म्हणजे काचतंतू आणि रेझिनचे, बॉनेट करून घेणे. दुसरी म्हणजे बाजूच्या आणि मागच्या काचा काढून तिथे पॉलिकार्बोनेट हे पारदर्शक, कडक प्लॅस्टिक बसवणे. ज्यांना यांपैकी एकच काम आधी करणे परवडणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. (डांबरी थर अजून काढायचा असेल, तर तो वैशाखात हाती घेऊ नये. उन्हाने तो मऊ होऊन हाताला आणि पत्र्याला सारखाच चिकटतो. थंडीतली पहाट आणि कोरडा बर्फ यांनी तो कडक झाला, की हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी खपल्या पडतात.)

माझी गाडी पहिल्या पिढीची, १.८ लिटर टर्बो इंजिनाची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे. २००१ पासून ऑक्टाव्हिया शेंद्र्याच्या कारखान्यात जोडली जात असे, त्यामुळे छत्रपती संभाजीनगरात तिचा पत्रा ओळखणारे मिस्त्री अजूनही भेटतात. या गाडीवर मी दोन्ही प्रकार वापरले आहेत. मागे इंजिन असलेल्या किंवा मागची चाके ओढणाऱ्या गाडीवर माझे मत जसेच्या तसे लागू पडेलच असे नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पॉलिकार्बोनेटची बाजू भक्कम आहे, यात शंका नाही. काचेची घनता साधारण २.५ आणि पॉलिकार्बोनेटची १.२ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, म्हणजे त्याच जाडीला वजन निम्म्याहून कमी भरते. शिवाय काच कायमची बसवून टाकली, की दारातली मोटर आणि काच वरखाली करणारी यंत्रणाही निघते, आणि तो लाभ काचेच्या लाभापेक्षा लहान नसतो. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे हे वजन उंचावरचे असते. ते गेले की गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि एका वळणातून लगेच उलट्या वळणात टाकताना अंग कमी झुकते. ऑक्टाव्हियाची मागची काच उतरती आणि मोठी असल्यामुळे तिच्या बाबतीत हा फायदा विशेष जाणवतो. मोठ्या कारखान्यांनीही हा मार्ग चोखाळला आहे. बीएमडब्ल्यूने १९७२ च्या ३.० सीएसएलला अॅल्युमिनियमची दारे आणि बॉनेट दिले, तसेच बाजूच्या काचा प्लॅस्टिकच्या केल्या. पोर्शने ९११ कॅरेरा आरएस २.७ साठी पातळ पत्रा आणि पातळ काच वापरली.

फायबरची परंपरा आपल्याकडे अधिक घरची आहे. १९८० च्या दशकात बंगळूरच्या सिपानी कारखान्याची फायबरच्या अंगाची डॉल्फिन प्रवासी गाडी म्हणून फारशी चालली नाही, परंतु शर्यतींत आणि रॅलींत तिने तिच्याहून जड गाड्यांना चांगलेच दमवले. आजही वाळूज आणि चिकलठाणा परिसरात फायबरच्या टाक्या, छपरे आणि यंत्रांची आवरणे करणारे कारागीर आहेत. आपलेच बॉनेट त्यांच्याकडे नेले, तर त्यावरून साचा काढून ते त्याची प्रत करून देतात. उलट पॉलिकार्बोनेटचा योग्य जाडीचा, ओरखडे सोसणारा लेप दिलेला पत्रा बाहेरून मागवावा लागतो आणि तो वक्र बसवण्याचे कसब ज्याच्या हातात आहे असा माणूस शोधावा लागतो.

वजनाच्या आकड्यांबद्दल मी फार ठाम बोलणार नाही. मोंढ्यातल्या वजनकाट्यावर पुढची चाके वेगळी आणि मागची वेगळी चढवून मी गाडी तोलली आहे, पण ट्रकसाठी बनवलेल्या त्या काट्यावर वजन ५ किंवा १० किलोच्या पटीतच कळते आणि आपला सगळा खटाटोप त्या पटीच्या आतबाहेर घुटमळतो. मी हाताच्या अंदाजावर अधिक विसंबतो. मूळ बॉनेट काढताना दुसऱ्या माणसाला हाक मारावी लागे. फायबरचे बॉनेट मी एकट्याने उचलून भिंतीला टेकवून ठेवतो.

त्याहून मोठा मुद्दा वजन कुठले गेले हा आहे. या गाडीचे निम्म्याहून बरेच अधिक वजन पुढच्या चाकांवर असते, आणि तीच चाके ओढतात, वळतात आणि थांबवण्याचे मोठे कामही करतात. मागची काच हलकी केली, की एकूण वजन उतरते हे खरे, परंतु उरलेल्या वजनातला पुढचा वाटा टक्क्यांनी वाढतो. बॉनेट हलके केले, की जिथे भार नको आहे नेमका तिथलाच जातो. कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेसारख्या सुमारे २.१ किलोमीटरच्या आखूड ट्रॅकवर, जिथे एक वळण संपते न संपते तोच दुसरे येते, तिथे वळणात गाडीचे नाक बाहेर सरकण्याची खोड मला बॉनेट बदलल्यावर कमी वाटली. काचा बदलल्यावर गाडी डुलायची कमी झाली, पण नाकाचा हट्ट तसाच राहिला. हा माझ्या हातांना आलेला अनुभव आहे. घड्याळ लावून सिद्ध केलेली गोष्ट नाही.

तरीही एवढ्यावरून मी निर्णय केला नसता. निर्णय झाला तो धुळीमुळे.

पॉलिकार्बोनेट सहजी फुटत नाही, पण त्यावर ओरखडा फार लवकर उठतो. त्यावरची धूळ भरपूर पाण्याने वाहून घालवावी, मग मऊ ओल्या कापडाने हलकेच टिपावे आणि कोरडे फडके मुळीच लावू नये, असा त्याचा नियम आहे. हा नियम मराठवाड्यात पाळणे किती अवघड आहे, हे इथे राहणाऱ्याला समजावून सांगायला नको. गाडी उघड्या ट्रेलरवरून बीड, धाराशिव, सोलापूर अशी दक्षिणेकडे निघाली, की काळ्या मातीची बारीक धूळ तिच्यावर थरावर थर बसते. ढाब्यावर थांबलो की ट्रेलरवरचा मदतनीस आपुलकीने खांद्यावरचे फडके काढून काच पुसतो आणि त्या एका हातासरशी काचेवर बारीक वर्तुळांचे जाळे उमटते. त्याला दोष देता येत नाही, कारण आयुष्यभर त्याने खरी काच अशीच पुसली आहे. घरी परतल्यावर धुवायचे म्हटले, तर जायकवाडी एवढी जवळ असूनही नळाला पाणी कित्येक दिवसांनी येते, आणि घरात माणसांसाठी साठवलेले पाणी गाडीच्या काचेवर ओतणे मनाला पटत नाही. बोअरचे पाणी वापरावे, तर ते जड असल्यामुळे वाळल्यावर क्षारांचे पांढरे डाग पडतात, आणि ते डाग घासून काढताना पुन्हा ओरखडे उठतात. गॅरेजमध्ये कोणी ग्रीसचा डाग पेट्रोलने किंवा थिनरने पुसला, तर काम आणखी बिघडते: त्या जागी पृष्ठभागाला केसासारख्या भेगा जातात आणि त्या कशानेही बुजत नाहीत.

उभ्या उन्हात हे सारे फारसे दिसत नाही. दिवसाच्या शेवटच्या सत्रात सूर्य मागून तिरपा आला, की मात्र त्या जाळ्यातला प्रत्येक ओरखडा उजळतो आणि आरशात मागची गाडी दिसायच्या ऐवजी पांढरट धुके दिसते. शर्यतीत मागून कोण कोणत्या बाजूने येत आहे हे न कळणे मला कोणत्याही किलोच्या मोबदल्यात मान्य नाही. लेप दिलेल्या पत्र्याने हा त्रास लांबतो, टळत नाही.

फायबरच्या बॉनेटलाही दोष आहेत आणि ते लहान नाहीत. मूळ कुलपावर त्याचा भरवसा धरता येत नाही, म्हणून चारही कोपऱ्यांत बॉनेट पिना (बॉनेट दाबून धरणाऱ्या खिट्या) लावाव्या लागतात आणि त्या पिनांभोवती पहिल्या भेगा जातात. वेग वाढला की खालून हवा शिरून मधला भाग थरथरतो. टर्बोच्या वर येणाऱ्या भागाला आतून उष्णतारोधक पन्नी न चिकटवल्यास साधे पॉलिस्टर रेझिन मऊ पडून आकार सोडते. पण यातला प्रत्येक दोष इथल्या इथे, मॅट (काचतंतूंची चटई), रेझिन आणि हार्डनर घेऊन दुरुस्त होतो. ओरखडलेल्या पॉलिकार्बोनेटला सहसा दुरुस्ती नसते, बदली असते.

म्हणून ज्यांची गाडी बंद ट्रेलरमधून फिरते, जे ट्रॅकजवळच गाडी ठेवतात किंवा ज्यांची गाडी मुळातच पुढे जड नाही, त्यांनी काचांचा विचार आधी केला तरी चालेल, असे मला वाटते. मराठवाड्यात राहून पुढची चाके ओढणारी गाडी पळवणाऱ्याने माझ्या मते बॉनेट आधी करावे. पुढची काच मात्र दोन्ही बाबतींत मूळ, थरांची जोडकाचच ठेवावी. आणि दारे फायबरची करण्याचा मोह भक्कम बाजूच्या नळ्यांचा रोल केज (गाडीच्या आतला संरक्षक सांगाडा) नसताना टाळावा, कारण दाराच्या आतली आडवी पट्टी धडकेत आपल्यालाच वाचवते. एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेच्या ज्या वर्गात उतरायचे आहे त्याची नियमपुस्तिका पैसे देण्यापूर्वी वाचावी, कारण काही वर्गांत मूळ पत्रा बदलता येत नाही, तर काहींत किमान वजन ठरलेले असते आणि त्याखाली गेल्यास शिशाचे वजन परत बसवावे लागते. गाडी रस्त्यावर नोंदलेली असेल, तर मोटार वाहन कायद्याचे गाडीतल्या बदलांविषयीचे कलम ५२ आणि पुनर्नोंदणीची तपासणी यांचाही विचार हवा; मूळ बॉनेट चिंध्यांत गुंडाळून माळ्यावर ठेवले असेल, तर ते अर्ध्या तासात परत चढते.

कारागिराकडे काम देताना एवढे स्पष्ट सांगावे की मॅटचे थर सगळीकडे सारखे नकोत: मधला भाग पातळ, कडा आणि पिनांच्या जागा जाड, आणि आतून आडवा सांगाडा टाकलेला. टाक्या करणाऱ्याचा हात सवयीने सगळीकडे जाड थर देतो आणि मग लोखंडाएवढेच वजन हाती येते. पिनांची भोके त्याच्याकडे पाडून घेऊ नयेत. बॉनेट गाडीवर ठेवून, फटी चारही बाजूंनी सारख्या करून, मगच ती पाडावीत आणि प्रत्येक भोकाखाली अॅल्युमिनियमची चकती चिकटवावी.