नॉन-लीग क्लबचं सीझन तिकीट: तीन सीझन वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

तीन सीझन झाले, चौथ्याचं तिकीट परवाच काढलं, म्हणून म्हटलं आता लिहायला हरकत नाही. इंग्लंडमधल्या मोठ्या स्टेडियमच्या टूरचे, म्युझियमचे, जर्सीच्या दुकानांचे रिव्ह्यू ढिगाने मिळतात, पण नॉन-लीगच्या सीझन तिकिटाबद्दल मराठीत कुणी काही लिहिलेलं मला तरी सापडलं नाही. क्लबचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि तिथे राबणारी बहुतेक माणसं पगारी नाहीत, आपली शनिवारची सुट्टी खर्ची घालून येतात, त्यांचं नाव घेऊन तक्रार करायचं माझ्या जिवावर येतं.

आधी नॉन-लीग म्हणजे काय ते पटकन सांगते. प्रीमियर लीगचे २० आणि त्याखालच्या तीन डिव्हिजनचे ७२ असे ९२ क्लब, त्यांच्या खालचं सगळं नॉन-लीग. वरून पाचव्या पायरीवर नॅशनल लीग, सहावीवर तिचेच नॉर्थ आणि साउथ, आणि सातवीवर चार लीग, त्यातली एक इस्थमियन प्रीमियर. इस्थमियन लीग १९०५ ची आहे, लंडन आणि आजूबाजूच्या काउंटींमधले क्लब तिच्यात असतात आणि आमचा क्लब त्यातलाच एक. २२ टीम, प्रत्येकीच्या ४२ मॅच, त्यातल्या २१ घरच्या मैदानावर, आणि सीझन तिकीट या २१ मॅचचं. मला २०० पौंडांच्या आसपास पडलं, म्हणजे मॅचमागे साधारण साडेनऊ पौंड. प्रीमियर लीगमध्ये नुसत्या पाहुण्या फॅन्सचं तिकीट ३० पौंडांच्या वर न्यायचं नाही असा नियम २०१६ मध्ये करावा लागला, यावरून वरचे भाव काय असतात त्याचा अंदाज येईल. एक गोष्ट मात्र घेण्याआधी विचारून घ्या: एफए कप (मोठ्या-छोट्या सगळ्या क्लबांची नॉकआउट स्पर्धा) आणि एफए ट्रॉफी (तशीच, पण नॉन-लीगवाल्यांची) यांच्या मॅच सहसा या तिकिटात धरलेल्या नसतात, त्याचे पैसे वेगळे. पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं आणि सप्टेंबरमध्ये गेटवर परत पाकीट काढावं लागलं, तेव्हा जरा राग आला होता.

आता आत काय मिळतं ते. टर्नस्टाइल, म्हणजे आत जायचं फिरतं गेट, जुनं, लोखंडी, इतकं अरुंद की हिवाळ्याचा जाड कोट घातला की आडवं होऊन आत शिरायचं, कमरेने दांडा ढकलला की आतून कट्ट असा आवाज येतो आणि तुम्ही आत. सीट नंबर वगैरे भानगड नाही. वाटेल तिथे उभं राहायचं, वाटेल तेव्हा जागा बदलायची, पाहुण्या टीमचे फॅन्स पण बहुतेक वेळा तुमच्याच बाजूला उभे. आणि हाफ-टाइमला आम्ही सगळे अख्खं मैदान वळसा घालून दुसऱ्या टोकाला जातो, कारण आता आमची टीम तिकडच्या गोलवर अटॅक करणार असते. अर्ध्या वाटेत समोरून दुसऱ्या टीमचे फॅन्स येतात, त्यांच्याशी चार शब्द होतात, कुणी रेफ्रीबद्दल बोलतं, कुणी येताना लागलेल्या ट्रॅफिकबद्दल. मोठ्या लीगची मॅच बघून आलेल्याला हे बघून विश्वास बसत नाही. तसंच बिअरचं. वरच्या पाच पायऱ्यांवर १९८५ च्या कायद्याने मैदान दिसेल अशा जागी दारू प्यायला बंदी आहे, आमच्या पायरीवर ती लागू नाही, त्यामुळे लोक प्लॅस्टिकच्या ग्लासातली बिअर घेऊन रेलिंगला टेकून मॅच बघतात. मी आपली चहाच पिते.

रेलिंगपासून टचलाइन दोन-तीन पावलांवर, त्यामुळे इथे मॅच ऐकू येते. गोलकीपर 'अवे, अवे' म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडतो ते, दोन खेळाडू हेडिंगला उडाले की डोकी आपटल्याचा टक्क असा आवाज, मॅनेजरने नावं घेऊन घातलेल्या शिव्या, सगळं. टीव्हीवर फुटबॉल बघून बघून मला वाटायचं की आपल्याला हा खेळ कळतो, इथे गोलमागे उभी राहिले तेव्हा पहिल्यांदा कळलं की डिफेन्डर अख्खे ९० मिनिटं एकमेकांशी बोलत असतात आणि ज्या दिवशी ते बोलत नाहीत त्या दिवशी गोल खातात.

खेळाचा दर्जा खरा सांगते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये छान, कोरडं मैदान असतं, पासिंग चालतं. जानेवारी-फेब्रुवारीत गोलसमोर नुसता चिखल असतो आणि मग बॉल वरून लांब मारायचा नि मागे धावायचं, तासभर एवढंच चालू. हे खेळाडू दिवसा नोकऱ्या करतात, मंगळवार-गुरुवार रात्री ट्रेनिंग, शनिवारी मॅच, मंगळवारी कधी कधी अजून एक मॅच. पुढे इंग्लंडकडून खेळलेला जेमी वार्डी याच सातव्या पायरीवर होता, स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्सकडून आठवड्याला ३० पौंड घेऊन खेळायचा आणि दिवसा मेडिकल स्प्लिंट बनवणाऱ्या कारखान्यात काम करायचा. २०१२ मध्ये लेस्टरने त्याला १० लाख पौंडांना नेला आणि २०१६ मध्ये तो प्रीमियर लीग चॅम्पियन. प्रत्येक क्लबचे फॅन्स मनात हेच धरून बसलेले असतात की आपला पोरगा पुढचा.

आणि तो पोरगा जातो, ही या तिकिटातली सगळ्यात जास्त दुखणारी गोष्ट. बऱ्याच खेळाडूंचा करारच नसतो, ते नॉन-कॉन्ट्रॅक्ट असतात, त्यामुळे दुसऱ्या क्लबला तो हवा असेल तर आमच्या क्लबला सात दिवसांची नोटीस दिली की काम झालं, मग त्या खेळाडूशी बोलून त्याला नेता येतं. टेरेसवर, म्हणजे आम्ही उभे राहतो त्या पायऱ्यांवर, याला नुसतं 'सेव्हन डेज' म्हणतात, 'त्याच्यावर सेव्हन डेज पडलेत' असं कुणी म्हटलं की सगळे गप्प. दुसऱ्या सीझनला आमचा नऊ नंबर, डिसेंबरपर्यंत सुसाट गोल मारत होता, आम्ही तेव्हा पहिल्या पाचात होतो म्हणजे प्लेऑफच्या (वरच्या पायरीवर चढण्यासाठीच्या जादा मॅचच्या) जागेत, आणि ख्रिसमसच्या आधी वरच्या पायरीवरच्या क्लबने त्याच्यावर सेव्हन डेज टाकले. शेवटच्या मॅचनंतर तो गोलमागे येऊन एकेकाशी हात मिळवून गेला. माझ्या शेजारी उभे राहणारे आजोबा, पंचाहत्तरी ओलांडलेले, लहानपणापासून इथे येणारे, त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला आणि म्हणाले की तिकडे बेंचवर बसवलं तर ऐकून घेऊ नकोस हं, खेळायला माग. आम्ही त्या वर्षी नववे आलो. मी अजून त्या पोराचे स्कोअर बघते दर शनिवारी.

तक्रारी. बायकांचं टॉयलेट एक, हाफ-टाइमला रांग, आणि त्याच्या दाराला दोन वर्षं झाली तरी कडी बसवलेली नाही, दार हाताने धरून ठेवावं लागतं. चहाच्या खिडकीवर कार्ड मशीन नेटवर्क असेल तर चालतं, सुट्टे पैसे ठेवा. मांस न खाणाऱ्यांना चिप्स आणि चीज चिप्स, विषय संपला. शेडचं छप्पर एका कोपऱ्यात गळतं, नेमकं जिथे उभं राहिलं की सगळ्यात चांगलं दिसतं तिथे.

सगळ्यात मोठी तक्रार मॅच रद्द झाल्याचं वेळेत न कळण्याची. पहिल्या वर्षी जानेवारीत मी दीड तास प्रवास करून, दोन ट्रेन बदलून गेले, स्टेशनवरून पंधरा मिनिटं चालत गेटपाशी पोचले तर गेटला चिठ्ठी, 'मॅच ऑफ, पिच वॉटरलॉग्ड'. वेबसाइटवर काही नाही. मी जाम चिडले, तिथेच उभी राहून क्लबला लांबलचक ईमेल लिहिला. रात्री उत्तर आलं, माफी मागितली होती, आणि खाली एक ओळ होती की वेबसाइट बघणारा माणूस सकाळपासून मैदानातलं पाणी काढत होता.

पुढच्या वर्षी क्लबच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शनिवारी सकाळी सातला मेसेज आला की फोर्क घेऊन या, माणसं कमी आहेत. मी गेले. फोर्क म्हणजे बागेत माती उकरायचा चार दातांचा काटा, तो उभा मातीत खुपसायचा, पायाने दाबायचा, मागे-पुढे जेमतेम हलवायचा आणि सरळ वर काढायचा, माती उचकटायची नाही, नाहीतर दुपारी कुणाचा तरी घोटा जातो. अशी भोकं पाडली की साचलेलं पाणी खाली मुरतं. असं एका वेळी वीतभर सरकत जायचं. आम्ही वीसेक जण होतो, दोन शाळकरी मुलं बादली आणि स्पंज घेऊन गोलसमोरचं पाणी टिपत होती, ग्राउंड्समन काही न बोलता फक्त हाताने दाखवत होता, इथे, आता इथे. अकरा वाजता रेफ्री आला पिच इन्स्पेक्शनला. छातीइतक्या उंचीवरून बॉल सोडत सोडत चालला, सेंटर सर्कलमध्ये उडाला, विंगवर उडाला, आणि पलीकडच्या पेनल्टी बॉक्समध्ये बॉल पडला तो तिथेच, जरासुद्धा उडाला नाही. त्याने परत उचलून परत सोडला. मग आमच्याकडे बघून मान हलवली. मॅच रद्द. कुणी वाद घातला नाही, ग्राउंड्समनने त्याचा हात हातात घेतला आणि आम्ही सगळे चिखलाचे बूट बाहेर काढून क्लबहाउसमध्ये चहा प्यायला गेलो. वेबसाइटवर रद्द झाल्याचं मी टाकलं, अकरा वाजून दहा मिनिटांनी. तेव्हापासून ते काम माझ्याकडे आहे, त्यामुळे ही तक्रार आता मागे घेते.

एफए कपबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या पायरीवरचे क्लब ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला क्वालिफाइंग राउंडपासून सुरुवात करतात, अशा चार फेऱ्या पार केल्या की 'पहिला राउंड', आणि प्रीमियर लीगवाले येतात थेट तिसऱ्या राउंडला. एकेक फेरी जिंकली की जी बक्षिसाची रक्कम मिळते त्यात फ्लडलाइटचं बिल, अवे मॅचची, म्हणजे दुसऱ्याच्या मैदानावरच्या मॅचची, बस असं काय काय भागतं. पूर्वी तिसऱ्या राउंडला मोठ्या क्लबशी बरोबरी झाली की रिप्ले व्हायचा, म्हणजे तीच मॅच परत, दुसऱ्या टीमच्या मैदानावर. एक्सेटर सिटी नॉन-लीगमध्ये होता, कर्जात बुडालेला, क्लब फॅन्सच्या ट्रस्टने चालवायला घेतलेला, तेव्हा जानेवारी २००५ मध्ये त्यांनी ओल्ड ट्रॅफर्डवर मॅन्चेस्टर युनायटेडला ०-० रोखलं, आणि ती मॅच आणि रिप्लेच्या पैशातून क्लब कर्जातून वर आला. २००८ मध्ये ते परत लीगमध्ये पोचले. २०२४-२५ पासून पहिल्या राउंडपासून पुढचे रिप्ले बंद केले. त्याच सीझनला, जानेवारी २०२५ मध्ये, नॉन-लीगच्या टॅमवर्थने आपल्या छोट्याशा मैदानावर प्रीमियर लीगच्या टॉटनमला ९० मिनिटं ०-० धरून ठेवलं. जुना नियम असता तर टॉटनमच्या मैदानात रिप्ले झाला असता, त्याऐवजी एक्स्ट्रा टाइम झाला आणि ते ०-३ हरले. मी ती मॅच क्लबहाउसच्या टीव्हीवर बघितली आणि टॅमवर्थशी माझा काडीचा संबंध नसताना रडले. रिप्ले बंद करायचा निर्णय चुकीचा आहे, माझं मत बदलणार नाही.

अवे मॅच तिकिटात नाहीत, पण एक तरी कराच. लुइस या गावच्या क्लबचं मैदान, 'ड्रिपिंग पॅन', माझं आवडतं, स्टेशनच्या अगदी शेजारी, मैदान खोलगट, भोवती गवताचे उतार आणि पलीकडे खडूच्या टेकड्या. २०१७ मध्ये पुरुष आणि महिला टीमला सारखं बजेट देणारा हा क्लब, फॅन्सच्याच मालकीचा. डलिचला गेलात तर एडगर केलच्या नावाचं गाणं ऐकू येईल. तो १९२९ मध्ये, डलिच हॅम्लेटचा खेळाडू असताना, इंग्लंडकडून खेळला, आणि त्याला एकदाही खेळताना न बघितलेली पोरं ते गाणं गातात.

घेऊ नये कुणी? ज्याला दर शनिवारी भारी फुटबॉल हवं आहे त्याने. ज्याला थंडी सोसत नाही त्याने, कारण मंगळवारच्या रात्रीच्या मॅचला पाय खालून गोठतात, दोन मोजे घातले तरी. ज्यांचा शनिवार दुपारचा वेळ मोकळा आहे आणि शहर नवीन आहे, ओळखीचं कुणी नाही, त्यांनी जरूर घ्या. मागच्या नोव्हेंबरमध्ये मी आजारी पडले, सलग तीन घरच्या मॅच हुकल्या. चौथीला गेले तर टर्नस्टाइलवाल्याने दांडा आतून धरून ठेवला, मला आत सोडेना, आधी विचारलं, कुठे होतीस, बरी आहेस ना, आणि माझ्या मागे रांग थांबली होती तरी पूर्ण उत्तर ऐकल्यावरच दांडा सोडला. आजोबांनी तिन्ही मॅचचे प्रोग्रॅम, म्हणजे छापील पुस्तिका, माझ्यासाठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणले होते. या शहरात मी नऊ वर्षं राहते.

पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क टॉयलेटच्या कडीसाठी कापला.

एकदम सीझन तिकीट काढायला धजत नसाल तर एकच मॅच बघा, आमच्या पायरीवर पंधरा पौंडांच्या आत काम होतं. २०१० पासून वर्षातून एकदा 'नॉन-लीग डे' असतो, इंटरनॅशनल मॅचमुळे सगळ्यात वरच्या दोन लीग बंद असतात त्या शनिवारी, बरेच क्लब त्या दिवशी तिकीट स्वस्त करतात. चहाच्या रांगेत हाफ-टाइमच्या पाच मिनिटं आधीच लागा, नंतर मिळत नाही, आणि कप हातात घेऊनच सगळ्यांबरोबर दुसऱ्या टोकाला चालायला लागा. आम्ही गोलमागे डाव्या हाताला असतो, छप्पर गळतं त्या कोपऱ्याच्या जरा अलीकडे.