फंडामेंटलचं मिड/साइड मॉड्यूल: फुकट आहे, पण एक सॅम्पल सांभाळा

व्हीसीव्ही रॅक २ या संगणकावरच्या मॉड्युलर सिंथेसायझरच्या मोफत आवृत्तीसोबत जो फंडामेंटल संच मिळतो, त्यातच हे अरुंद मॉड्यूल आहे. परदेशातून युरोरॅकचं, म्हणजे हार्डवेअर सिंथचं, मॉड्यूल मागवून वर सीमाशुल्क भरायच्या आधी बडोदेकरांनी हे लावून पाहावं. एन्कोडर डाव्या-उजव्यातून मिड आणि साइड काढतो, डीकोडर त्यांचं पुन्हा डावं-उजवं करतो; दोघांना आपापला विड्थ (रुंदीचा) नॉब आणि सीव्ही (नियंत्रक व्होल्टेज) इनपुट.

मिड म्हणजे डाव्या-उजव्याच्या बेरजेचं निम्मं, साइड म्हणजे फरकाचं निम्मं. विड्थ शून्यावर मोनो, १०० टक्क्यांवर जसंच्या तसं, २०० वर साइड दुप्पट, म्हणजे ६ डेसिबल वर. दोन्ही नॉब २०० वर नेले तर गुणाकार होऊन साइड चौपट होते. फक्त डावीकडे असलेला ५ व्होल्टचा सूर मग १२.५ व्होल्टवर जातो आणि ऑडिओ मॉड्यूल १० च्या वरचं कापून टाकतं. एक नॉब १०० वरून हलवूच नका. आणि नॉब फिरवूनही काहीच फरक पडत नसेल तर दोन्ही बाजूंना एकच सिग्नल जातोय, साइड शून्य आहे. दोन व्हीसीओ (सूर निर्माण करणारी मॉड्यूल) थोडे बेसूर करून एकेका बाजूला द्या.

खरा उपयोग बेस मधोमध ठेवण्यासाठी. साइडच्या वाटेत व्हीसीएफ (फिल्टर मॉड्यूल) घालून हायपास आउटपुट, म्हणजे कटऑफच्या वरचाच आवाज, घ्यायचं; कटऑफ १२० हर्ट्झच्या आसपास, रेझोनन्स (कटऑफजवळचा उठाव) शून्य. ड्राइव्ह (फिल्टरमध्ये शिरणाऱ्या सिग्नलचा जोर) कमीच बरा, नाहीतर हा लॅडर प्रकारचा फिल्टर साइडला खरखरीत करतो. इथेच बहुतेक जण फसतात. रॅकमध्ये प्रत्येक केबल एका सॅम्पलचा (डिजिटल आवाजाच्या एका नमुन्याचा) उशीर घालते, त्यामुळे फिल्टरमधून आलेली साइड मिडच्या एक सॅम्पल मागे पडते. ४८ किलोहर्ट्झवर हा उशीर जेमतेम २१ मायक्रोसेकंदांचा, पण १० किलोहर्ट्झला तोच ७५ अंशांचा फेज-फरक (लहरींमधली सरक) होतो आणि पूर्ण डावीकडचा सूर उजवीकडे सुमारे ६० टक्के झिरपतो. उपाय सोपा: मिडच्या वाटेतही एक व्हीसीए-१ (आवाजाची पातळी ठरवणारं मॉड्यूल) पूर्ण उघडा ठेवून घाला, म्हणजे दोन्हीकडे उशीर सारखा. कटऑफजवळ फिल्टरचा स्वतःचा फेज फिरतो तो मात्र राहतोच. तेवढा चालवून घ्यावा लागतो.

नवरात्रात गरब्याच्या मैदानावर साउंडवाल्याने डावं-उजवं एकत्र करून सगळ्या स्पीकरांना एकच फीड दिली, तर विड्थ कितीही वाढवलेली असो, साइड साफ गायब होते. ढोलाचा ठोका आणि मुख्य सूर मिडमध्येच हवेत. एका बाजूला १०-२० मिलिसेकंद डिले देऊन रुंदी आणली असेल तर मोनोत सूर पोकळ वाजतो, आणि तो दोष या मॉड्यूलने भरून निघत नाही.

मॉड्यूलवर मीटर नाही, ही मोठी उणीव. स्कोप (सिग्नलची आकृती दाखवणारं मॉड्यूल) एक्स-वाय मोडवर ठेवून डावं एक्सला, उजवं वायला जोडा. मोनो असेल तर खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्याकडे सरळ रेघ दिसते. आकृती दुसऱ्या कर्णाकडे झुकायला लागली की विड्थ खाली आणा.