कारमधला फ्रिज: आठ महिन्यांनंतर

फ्रिज उत्तम आहे, त्याची गाडीच्या सॉकेटात खोचायची पिन भिकार आहे. हे आधीच सांगतो, कारण जूनमध्ये अमेरिकेतल्या युटात त्या पिनेपायी रात्र जागून काढावी लागली.

झायन, ब्राइस, कॅपिटल रीफ ही राष्ट्रीय उद्यानं आणि मग मोॲब गाव असा बेत होता. फ्रिजमध्ये दूध, मुलांची फळं आणि आईचं इन्सुलिन. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, गोठलं तर फेकावंच लागतं. झायनमध्ये दुपारी पारा चाळिशीपार होता, पण वॉचमन कॅम्पग्राउंडवर विजेची जागा मिळाल्याने निभावलं. कॅपिटल रीफच्या फ्रूटा कॅम्पग्राउंडवर वीज नाही. गाडी बंद केली आणि अर्ध्या तासात फ्रिजही बंद. मध्यरात्री आत ११ अंश! आजूबाजूचे झोपलेले, इंजिन चालू कसं करणार? फ्रिजभोवती स्लीपिंग बॅग गुंडाळून बसलो. पिन उपसली तर टोक चटका बसेल इतकं गरम, भोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं.

तेव्हा मी फ्रिजलाच दोष दिला आणि परत करायचं ठरवलं. ते चुकलं. मोॲबला व्होल्टेज मोजायला मल्टिमीटर घेतला: बॅटरीवर १२.५ व्होल्ट, पण कॉम्प्रेसर चालू असताना वायरच्या फ्रिजकडच्या टोकाला जेमतेम ११. वायर बारीक, पिन सैल, व्होल्टेज वाटेतच गळतंय. बॅटरी उतरली असं समजून फ्रिज स्वतःला बंद करतो. बॅटरी संरक्षण, म्हणजे किती व्होल्टेजला फ्रिजने बंद व्हायचं ती सेटिंग, ‘हाय’वरून ‘लो’वर आणलं, तेवढ्यावर उरलेली सहल निभावली.

कंपनीला फोटो पाठवले. उत्तर काय, तर गाडीची बॅटरी तपासा. मग म्हणे वायर ‘ॲक्सेसरी’, वॉरंटीत बसत नाही. एवढे पैसे मोजलेल्या वस्तूला दोन डॉलरची वायर जोडायची आणि वर हे ऐकवायचं, याचा मला अजून राग आहे.

घरी येऊन बॅटरीपासून थेट जाड वायर ओढली, बॅटरीलगत फ्यूज बसवला. सप्टेंबरमध्ये पुन्हा तिकडेच गेलो. नोटम-बुलफ्रॉगच्या कच्च्या रस्त्यावर गाडी खडखडत होती, तरी फ्रिज ४ अंशांवरून हलला नाही. फ्रूटाच्या बागेत मुलांनी तोडलेली सफरचंदं घरी येईपर्यंत करकरीत. शिवाय रोज दोन पिशव्या बर्फाचा खर्च वाचला, पाण्यात भिजलेला ब्रेडही नाही. आवाज थोडा येतो, झोपमोड होत नाही.

घ्या जरूर, पण जाड वायरीचे पैसे किमतीतच धरा. चौथ्या ईमेलनंतर कंपनीने नवी वायर पाठवली: तीच बारीक, त्याच पिनेची. अजून पाकिटातच आहे.