ट्रेलर ओढणार की नाही, आधी ते ठरवा: एफ-१५० आणि सिल्व्हराडोमधलं हँड्स-फ्री ड्रायव्हिंग

टेक्सासमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत आता पिकअप ट्रक काही नवलाईचा राहिलेला नाही. घराची कामं, कॅम्पिंग, बोट, मुलांच्या सायकली, आणि डॅलस-ह्यूस्टनच्या खेपा. त्यामुळे नवीन ट्रक घ्यायची वेळ आली की एक प्रश्न हमखास येतो: हायवेवर हात सोडून चालवता येईल असा घ्यायचा तर फोर्डचा ब्लूक्रूझवाला एफ-१५० घ्यावा, की जीएमचा सुपर क्रूझवाला शेवरले सिल्व्हराडो किंवा जीएमसी सिएरा?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. मागे ट्रेलर जोडून लांब जाणार असाल तर जीएम. ट्रेलर नसेल आणि बहुतेक प्रवास इंटरस्टेटवरच होत असेल तर फोर्ड. बाकी सगळे फरक याच्यानंतरचे आहेत. मात्र एक गोष्ट दोघांनाही सारखीच लागू आहे आणि तीच सगळ्यांत महत्त्वाची आहे. तिच्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय, ती वाचल्याशिवाय सही करू नका.

या दोन्ही यंत्रणा ‘लेव्हल २’ प्रकारात मोडतात. वेग, पुढच्या गाडीपासूनचं अंतर आणि लेनच्या मधोमध राहणं हे ट्रक सांभाळतो. हात सोडायची मुभा आहे, नजर हटवायची नाही. समोरचा कॅमेरा तुमच्या डोळ्यांकडे सतत पाहत असतो. गाडी चालवण्याची जबाबदारी कायद्यानेही तुमचीच. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०१७ पासून गाडी चालवताना मेसेज टाइप करायला बंदी आहे. ट्रक स्वतः स्टिअरिंग फिरवतोय म्हणून त्यातून सूट मिळत नाही.

रस्ता कोणता, यावर बरंच काही ठरतं

सुपर क्रूझ २०१७ मध्ये कॅडिलॅक सीटी६ मधून आला. महामार्ग आधी लायडारने, म्हणजे लेसर किरणांनी, मोजायचे, त्यांचा बारीक नकाशा बनवायचा आणि त्याच रस्त्यांवर हात सोडायची परवानगी द्यायची, ही त्यामागची मूळ कल्पना. सुरुवातीला सव्वा-दीड लाख मैलांच्या आसपास असलेलं हे जाळं जीएमने २०२२ मध्ये ४ लाख मैलांवर नेलं आणि २०२४ च्या फेब्रुवारीत ते साडेसात लाख मैलांपर्यंत वाढवण्याची घोषणा केली. या वाढीत गावागावांना जोडणारे, मध्ये दुभाजक नसलेले रस्तेही आले.

ब्लूक्रूझची घोषणा २०२१ च्या एप्रिलमध्ये झाली आणि पहिल्या गाड्यांत एफ-१५० होताच. फोर्ड आपल्या रस्त्यांना ‘ब्लू झोन’ म्हणतो. अमेरिका आणि कॅनडा मिळून साधारण १,३०,००० मैल. यात येतात ते फक्त दुभाजक असलेले, एक्झिट आणि रॅम्पवाले महामार्ग. आकडा लहान वाटतो, पण असे जवळजवळ सगळे महामार्ग त्यात आहेत. आय-३५, आय-४५, आय-१० एवढंच तुमचं विश्व असेल तर जीएमच्या जास्तीच्या लाखो मैलांचा तुम्हाला उपयोग नाही.

वेस्ट टेक्सासकडे किंवा लहान गावांकडे नेहमी जाणं असेल तर गणित बदलतं. तिथे इंटरस्टेट सोडून तासन्‌तास दुपदरी रस्त्यावर राहावं लागतं आणि तिथे सुपर क्रूझ कामाला येतो. पण एक ध्यानात ठेवा: अशा रस्त्यावर चौक येतात, सिग्नल येतात, शेतातून एखादा ट्रॅक्टर आडवा येतो. सुपर क्रूझ सिग्नल आणि स्टॉप साइनला थांबत नाही, आडव्या वाहतुकीकडेही त्याचं लक्ष नसतं. मी स्वतः दुभाजक नसलेल्या रस्त्यावर हात चाकावरच ठेवतो, परवानगी असली तरी.

आणखी एक बारकावा, जो जाहिरातीत कुणी सांगत नाही पण रोजच्या वापरात जाणवतो. ब्लू झोन संपला की फोर्ड तुम्हाला हात चाकावर ठेवायला सांगतो, पण लेनच्या मधोमध ठेवायची मदत चालू राहते. सुपर क्रूझमध्ये नकाशातला रस्ता संपला की स्टिअरिंगची मदत सुटते आणि अडॅप्टिव्ह क्रूझ, म्हणजे वेग आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर सांभाळणारा भाग, तेवढा मागे राहतो. महामार्गावर जागोजागी कामं चाललेली असतात तिथे हा फरक फार जाणवतो. नारिंगी पिंपांच्या रांगा सुरू झाल्या, लेन डावीकडे सरकवलेली, जुने पट्टे अर्धवट खरवडलेले. अशा ठिकाणी दोन्ही कंपन्या वापर करू नका असंच सांगतात आणि ते अक्षरशः पाळा.

ट्रेलरचा प्रश्न

२०२२ च्या सुधारित सिल्व्हराडो आणि सिएरापासून जीएमने ट्रेलर जोडलेला असतानाही हात सोडायची सोय दिली. फोर्डमध्ये हिचला, म्हणजे ट्रकच्या मागच्या जोडणीला, ट्रेलर जोडून वायर लावली की हँड्स-फ्री मिळत नाही. स्टिअरिंग तुमच्या हातात, वेग आणि अंतर सांभाळायला अडॅप्टिव्ह क्रूझ. कंपन्या सॉफ्टवेअर बदलत असतात, म्हणून तुम्ही पाहताय त्या मॉडेल-वर्षाच्या मॅन्युअलमध्ये ‘ट्रेलर’ हा भाग उघडून वाचा. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

आय-४५ वर ह्यूस्टनकडे कॅम्पर ओढत जाताना सुपर क्रूझचा स्टिअरिंगवरचा हिरवा दिवा लागला की खांद्यावरचा ताण खरोखर उतरतो. ट्रेलर ओढताना माणूस थकतो तो मोठ्या वळणांनी नाही, सतत अर्ध्या-अर्ध्या इंचाने चाक सावरण्याने. बाजूने अठरा चाकी ट्रक गेला की हवेचा झोत आधी ट्रेलरला ढकलतो, मग ओढतो. ते सावरण्याचं काम ट्रक गुपचूप करत राहतो आणि तुम्हाला आरशात मागचं पाहायला उसंत मिळते. मला विचाराल तर सगळ्या हँड्स-फ्री प्रकारातला सर्वांत खरा फायदा हाच आहे.

मात्र ट्रेलर असताना सुपर क्रूझ लेन बदलून देत नाही. एरवी पुढची गाडी हळू असेल तर तो स्वतःहून बाजूच्या लेनमध्ये जाऊन ओव्हरटेक करतो. ट्रेलर लागला की ही सोय बंद, आणि ते बरोबरच आहे. वाऱ्याच्या दिवशी, पावसात किंवा ट्रेलर डोलायला लागल्यावर तर सरळ बंद करून दोन्ही हातांनी चालवायचं. वजन कुठे जास्त भरलंय, हिचवर किती भार आहे, हे कुठल्याही कॅमेऱ्याला दिसत नाही.

ट्रेलर नसताना

इथे मला फोर्ड आवडतो. बाजूच्या लेनमध्ये मोठा ट्रक आला की ब्लूक्रूझ १.२ पासून पुढच्या आवृत्तीत गाडी आपल्याच लेनमध्ये किंचित दुसऱ्या बाजूला सरकते, चांगला ड्रायव्हर सरकतो तशीच. एफ-१५० रुंद आहे, त्यामुळे हे सरकणं मनाला फार बरं वाटतं. त्याच आवृत्तीत इंडिकेटर दाबला की लेन बदलणंही आलं. २०२१-२२ च्या सुरुवातीच्या १.० मध्ये हे दोन्ही नव्हतं, म्हणून वापरलेला ट्रक घेताना आवृत्ती विचाराच. ग्राहकांसाठी वस्तू तपासणाऱ्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या संस्थेने २०२३ च्या सुरुवातीला अशा यंत्रणांची क्रमवारी लावली तेव्हा ब्लूक्रूझला ८४ गुण देऊन पहिला नंबर दिला होता, सुपर क्रूझ दुसरा होता.

‘आता हात सोडा’ हे सांगायची पद्धत मात्र जीएमची सरस. स्टिअरिंगच्याच वरच्या कडेला दिव्याची पट्टी आहे. हिरवी असेल तर ट्रक चालवतोय, निळी असेल तर तुम्ही चाक हातात घेतलंय आणि सोडल्यावर तो परत घेईल, लाल झाली तर ताबडतोब ताबा घ्या. सोबत सीट थरथरते. रस्त्यावरची नजर न काढताही कळतं. फोर्डमध्ये पुढचा डिस्प्ले निळा होतो आणि शब्दांत सूचना येते. निळा रंग निवडला तो लाल-हिरव्यात गोंधळ होणाऱ्या लोकांसाठी. घरात कुणाला रंगांधळेपणा असेल तर हा मुद्दा लहान नाही.

भारतातून आई-बाबा आले की त्यांना पुढच्या सीटवर बसवून हे दाखवायचा मोह होतो. आई दोन मिनिटं गप्प बसते आणि मग म्हणते, “अरे, धर की ते चाक!” तिच्या जिवाला घोर लागत असेल तर सरळ हातात घ्या. गप्पांच्या नादात तिच्याकडे वळून पाहिलंत तर कॅमेराही हेच सांगणार आहे.

दोघांनाही लागू असलेली गोष्ट

२४ फेब्रुवारी २०२४ ला सॅन अँटोनिओत आय-१० वर मधल्या लेनमध्ये थांबलेल्या एका गाडीवर फोर्डची मस्टँग माख-ई आदळली. ३ मार्चला फिलाडेल्फियात आय-९५ वर तसंच घडलं. दोन्ही वेळा रात्र होती, दोन्ही वेळा ब्लूक्रूझ चालू होता, दोन्ही ठिकाणी माणसं गेली. अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा खात्याने, म्हणजे एनएचटीएसएने, एप्रिलमध्ये चौकशी सुरू केली आणि जानेवारी २०२५ मध्ये तिची पायरी वाढवली. सुमारे १,२९,००० गाड्या त्या कक्षेत आल्या.

या चौकशीतून पुढे आलेली माहिती प्रत्येक खरेदीदाराने वाचावी अशी आहे. ताशी ६२ मैल किंवा त्याहून जास्त वेगात, पुढे उभी असलेली वस्तू सेन्सरने कळवली तरी यंत्रणेने प्रतिसाद देऊ नये, अशी तिची रचना होती. कारण उगाच लागणारे ब्रेक. महामार्गावर पूल, फलक, कडेचे कठडे हे सगळं रडारला ‘स्थिर वस्तू’च दिसतं. प्रत्येकाला घाबरून ब्रेक लावला तर मागची गाडी आदळेल. म्हणून स्थिर वस्तूंकडे दुर्लक्ष करण्याकडे कल ठेवावा लागतो. उभ्या गाडीबद्दलचा इशारा जवळपास प्रत्येक कंपनीच्या अडॅप्टिव्ह क्रूझच्या मॅन्युअलमध्ये सापडेल. ही एकट्या फोर्डची अडचण नाही.

म्हणजे ज्या क्षणी तुम्हाला सर्वांत जास्त मदत हवी, नेमका तोच क्षण या यंत्रणेचा कच्चा आहे: रात्र, बंद पडलेली गाडी, दिवे नाहीत, आणि तुम्ही ताशी ७० मैलांवर. अपघाताच्या जागी उतरून उभा असलेला माणूस त्याहून लहान दिसतो. रात्री मी दोन्ही प्रकारच्या ट्रकमध्ये हात चाकावर ठेवतो. ज्यांचा प्रवास बहुतेक रात्रीचाच आहे, शिफ्टचं काम आहे, त्यांनी केवळ या सोयीसाठी वरच्या ट्रिमचे, म्हणजे महागड्या प्रकारच्या ट्रकचे, पैसे मोजावेत असं मला वाटत नाही.

मार्च २०२४ मध्ये आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने १४ यंत्रणा तपासल्या. त्यांनी पाहिलं ते ड्रायव्हिंग नव्हे, तर ड्रायव्हरचं लक्ष उडालं तर यंत्रणा काय करते ते. ११ जणांना ‘निकृष्ट’ शेरा मिळाला, त्यात ब्लूक्रूझ होता. जीएमसी सिएराच्या सुपर क्रूझला त्याच्या वरचा ‘काठावरचा’ शेरा. गाडी छान चालवणारी यंत्रणा आणि माणसाला जागं ठेवणारी यंत्रणा एकच असेल असं नाही, हे कन्झ्युमर रिपोर्ट्स आणि आयआयएचएस यांच्या निकालांवरून स्वच्छ दिसतं. लवकर कंटाळणारा, फोनकडे हात जाणारा ड्रायव्हर घरात असेल तर जीएमला एक गुण जास्त द्या. आणि अठरा वर्षांच्या मुलाला तर ही सोय वापरूच देऊ नका.

पैसे

फोर्डने ऑक्टोबर २०२४ मध्ये दर उतरवले: महिन्याला ४९.९९ डॉलर, वर्षाला ४९५, किंवा एकदाच २,४९५. वर्षातून दोन-तीनच लांबचे प्रवास असतील तर त्या-त्या महिन्यापुरतं घ्या. दहा महिने लागत असतील तर वार्षिक परवडतं. एकरकमी पैसे पाच वर्षांनी वसूल होतात, त्याआधी ट्रक विकणार असाल तर नको. जीएममध्ये पहिली तीन वर्षं ट्रकच्या किमतीत धरलेली असायची आणि पुढे महिना २५ डॉलर असा दर बरीच वर्षं होता. सध्याचा दर कागदावर लिहून घ्या.

यंत्रसामग्री फॅक्टरीतूनच बसवलेली लागते. कामाच्या साध्या ट्रिममध्ये नसेल तर नंतर पैसे भरूनही मिळत नाही.

रॅमनेही २०२५ च्या १५०० मध्ये वरच्या ट्रिमना हँड्स-फ्री दिलं आहे, पण ते नवीन आहे. टोयोटा टुंड्रात ही सोय नाही. टेस्ला सायबरट्रक शहरातल्या रस्त्यांवरही चालतो आणि त्याचा विचारच वेगळा आहे, म्हणून त्याला या तुलनेत बसवलं नाही.

टेस्ट ड्राइव्हला डीलरच्या मागच्या गल्लीतून फेरी मारून भागत नाही. महामार्गावर न्या, शक्यतो पश्चिमेकडे तोंड करून संध्याकाळी, आणि स्वतःचा नेहमीचा गॉगल आणि टोपी घालून. कॅमेरा इन्फ्रारेड असला तरी काही काचांमधून किंवा टोपीच्या कडेखालून डोळे नीट टिपत नाही आणि मग दर मिनिटाला ‘समोर पाहा’ म्हणून टोकत राहतो. नवरा-बायको दोघं चालवणार असाल तर दोघांनी चालवून पाहा, उंचीनुसारही फरक पडतो. ट्रेलर ओढायचा असेल तर स्वतःचा घेऊन जा, नसेल तर डीलरला एखादा जोडून द्यायला सांगा.