प्रायमरच्या नावाखाली ११,६०० गेले आणि मामांचं मिग पण गेलं

आधी आकडे लिहितो. ३ मे ला ७,३५०, ७ मे ला १,८५०, ९ मे ला २,४००. झाले ११,६००. मी प्लास्टिकची विमानांची मॉडेल बनवतो, ऑनलाइन घेतलेला प्रायमरचा (रंगाआधी मारायच्या अस्तराचा) खोटा स्प्रे डबा ज्या मॉडेलवर मारला त्या किटचे ४,८०० वेगळे. बायको सोडून घरात कुणाला सांगितलं नव्हतं, लाज वाटत होती, आजही वाटते. पण परवा तो विकणारा माणूस दुसऱ्या नावानं माल विकताना दिसला, मग मात्र गप्प बसवेना.

माझे मामा एअरफोर्समध्ये एअरफ्रेम फिटर (विमानाच्या सांगाड्याचं काम करणारे) होते, नोकरीचा बराचसा काळ मिग-२१ या लढाऊ विमानावर गेला. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त केलं तेव्हा मामा टीव्हीसमोर उभे राहून बघत होते, बसा म्हणलं तरी बसले नाहीत. तेव्हाच ठरवलं की यांच्या पंचाहत्तरीला मिगचं मॉडेल बनवून द्यायचं, आणि ते पण त्यांच्या तोंडात कायम असतं ते 'टाइप ७७', म्हणजे मिग-२१ एफएल, ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात बनलेलं, बिनरंगाचं, चकचकीत पत्र्याचं. १/४८ स्केल, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढं, फूटपट्टीएवढं विमान.

ज्यांनी मेटल फिनिश, म्हणजे मॉडेलला पत्र्यासारखी चांदी, केलंय त्यांना माहितीय, यात सगळा खेळ रंगाच्या आधीचा आहे. हिरव्या-करड्या कॅमोफ्लाजखाली एखादा ओरखडा लपून जातो, चांदीखाली केसाएवढी रेघ पण ओरडून दिसते. मी ११ संध्याकाळी नुसती तयारी केली. आमच्याकडं नळाला पाणी आठ दिवसांनी येतं, पाणी आलं त्याच दिवशी सगळे पार्ट कोमट पाण्यात भांड्याच्या साबणानं धुतले, कारण साच्याचं तेल राहिलं की प्रायमर धरत नाही आणि मास्किंग टेप काढताना पापुद्रा निघून येतो. सांध्यांना पुट्टी, मग ४०० चा पेपर, ६००, १०००, शेवटी १५०० ओला. घासताना बुजलेल्या पॅनल लाइन (पत्र्यांच्या जोडाच्या बारीक रेघा) सुईनं परत कोरल्या. मामा एकदा अचानक आले, "काय करलालास रं रात्री जागून?" म्हणाले, मी कॉलेजच्या प्रॅक्टिकलच्या वह्या म्हणून सांगितलं.

आता राहिला प्रायमर. मला जपानी सरफेसर, म्हणजे मॉडेलचा प्रायमर, पाहिजे होता, १५०० नंबरचा, कारण नंबर जितका मोठा तितका थर बारीक. लातूरला गंजगोलाईत गाडीचा प्रायमर मिळतो पण त्यातला थिनर जहाल असतो, मॉडेलचं प्लास्टिक (पॉलिस्टायरीन) खातो, म्हणून ऑनलाइन बघत होतो. तिथं हा माणूस भेटला. एप्रिलमध्ये आधी ६४० रुपयांची पुट्टी मागवून बघितली, चार दिवसांत आली, अस्सल होती. म्हणजे मी काय डोळे झाकून पैसे पाठवले नाहीत, हे लक्षात घ्या. आता कळतंय की ते ६४० म्हणजे त्यानं लावलेलं आमिष होतं. पहिली ऑर्डर नीट आली म्हणून दुसरीला विश्वास ठेवू नका.

मग ऑर्डर दिली चार डबे प्रायमर आणि रंग फवारायचा छोटा कंप्रेसर-एअरब्रशचा सेट, ७,३५०. आणि इथंच मी सगळ्यात मोठी चूक केली, त्याला सांगितलं की २८ मे ला मामांची पंचाहत्तरी आहे, त्याआधी पाहिजे. आपली तारीख विकणाऱ्याला कधी सांगू नका. त्यानंतर त्याचा प्रत्येक मेसेज त्या तारखेवरच होता. "सर माल अडकला, कस्टमचे १,८५० भरा नाहीतर २८ चुकेल." भरले. दोन दिवसांनी "विमानानं येतोय, स्प्रे असल्यामुळं डेंजरस गुड्स डिपॉझिट २,४००, डिलिव्हरीनंतर परत." ते पण भरले.

या २,४०० वर मी रात्र रात्र विचार केलाय. दाबाखालचा ज्वलनशील स्प्रेचा डबा साध्या एअर पार्सलनं जात नाही, तो रस्त्यानं येतो, हे मला माहिती होतं. मी त्याला तसं विचारलंसुद्धा. तो म्हणाला "बरोबर सर, म्हणूनच तर डिपॉझिट घेतात." आणि मला वाटलं याला विषयातलं कळतं! त्यात यूपीआयवर नाव दुकानाचं नव्हतं, कुणातरी बाईचं होतं, आणि तिन्ही वेळा वेगळं होतं. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर नाव येतं, ते वाचायला दोन सेकंद लागतात. मी वाचलं, आणि तरी पिन टाकला.

२१ मे ला पार्सल आलं. चार डबे नाहीत, दोनच. कंप्रेसर नाही. त्याला फोन केला तर म्हणे बाकीचं उद्या येतंय. डबा हातात घेतला तेव्हा लेबलाची खालची कड वर आली होती, नखानं ओढली तर आत निळा रंग, खाली दुसरंच छापील काहीतरी. झाकण काढल्यावर वास आला तो गॅरेजचा, नाकात झोंबणारा. एवढं सगळं डोळ्यासमोर होतं. मी कॉलेजच्या पोरांना दरवर्षी सांगतो, नवीन डबा आला की आधी प्लास्टिकच्या चमच्यावर मारा, एक दिवस ठेवा, नखानं खरवडून बघा, मगच मॉडेलला हात लावा. चमचे घरात होते, वाढदिवसाचे उरलेले, ड्रॉवरमध्ये. पण सात दिवस राहिले होते, त्यात प्रायमर वाळणार, वर काळा ग्लॉस बेस, तो वाळणार, मग चांदी, मग डिकल (चिकटवायची चिन्हं). एका दिवसासाठी चमचा सोडला.

वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून डाव्या पंखावर हलका हात मारला. पहिल्यांदा छान करडा दिसला. दोन मिनिटांत पृष्ठभाग सुरकुतायला लागला, दुधावरची साय कशी गोळा होते तसा. मी घाबरून अल्कोहोलच्या फडक्यानं पुसायला गेलो तर प्लास्टिकच चिकट होऊन फडक्याला आलं. फडक्याचे धागे पंखात रुतून बसले. अकरा संध्याकाळी कोरलेल्या लाइन गेल्या. दुपारचं ऊन होतं, बाहेर ४१ डिग्री, पण हे उन्हाचं नव्हतं. उन्हानं फवारा हवेतच वाळून खरबरीत थर बसतो, प्लास्टिक विरघळत नाही. हे सांगतोय कारण नंतर तोच माणूस म्हणाला "तुमच्याकडं गर्मी जास्त आहे, तुमची चूक." आणि ब्लॉक केलं.

पोलिस ठाण्यात गेलो तर ठाणे अंमलदार म्हणाले, "पार्सल आलंय ना? मग फसवणूक कशी?" मी म्हणलं चार सांगून दोन आले, ते पण खोटे, कंप्रेसर आलाच नाही, कस्टम भरल्याची पावती नाही. तर म्हणे हा सिव्हिल मॅटर, ग्राहक मंचात जा. मी पंख दाखवला. "हे उडतं का?" विचारलं. नाही म्हणलं तर, "मग नुकसान काय झालं?" शेजारी बसलेले दोघं हसले. सांगा, उसाचं बियाणं खोटं निघालं तर असंच हसता का? ११,६०० माझ्या पगारातून गेलेत. दुसऱ्यांदा गेलो तर साहेब बंदोबस्ताला, तिसऱ्यांदा "सायबरला जा, जिल्ह्याला." सुट्टी टाकून जिल्ह्याला गेलो तर ते म्हणाले आधी तुमच्या ठाण्याचं पत्र आणा. एसटीचे पैसे वेगळे, पगार कापला तो वेगळा, आणि एकानंही त्या तीन यूपीआय नावांकडं बघायचे कष्ट घेतले नाहीत. बँकेत मॅनेजरनं वर न बघता सांगितलं, "पिन तुम्हीच टाकलाय." हो मीच टाकलाय! कुणी हिसकावून नेलं असतं तर चोरी म्हणलं असतं, फसवून नेलं म्हणून तर आलोय ना तुमच्याकडं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तेव्हा तक्रार घेतली, नंबर मिळाला, पण मी पैसे गेल्यावर चौदा दिवसांनी केला. तुम्ही त्याच तासाला करा, तेव्हाच पुढच्या खात्यात पैसे थांबायची शक्यता असते. पार्सल यायची वाट बघू नका, दुसऱ्यांदा पैसे मागितले की तिथंच थांबा. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, मी काढला नाही, त्यामुळं दोनच डबे होते हे मी सिद्ध करू शकत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर पण नोंदवलंय. आता ग्राहक आयोगात ऑनलाइन टाकतोय, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात केस करता येते, हे मला ठाण्यात कुणी सांगितलं नाही, स्वतः शोधावं लागलं.

पंचाहत्तरीला मामांना शाल दिली. चार दिवसांनी त्यांना सगळं सांगितलं आणि पंख दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ त्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "दुसरा पंख चांगलाय का?" चांगला आहे. धड पण चांगलं आहे. डाव्या पंखासाठी कुणाकडं १/४८ मिगचं अर्धवट पडलेलं किट असेल तर सांगा, योग्य ते पैसे देईन, पण माल हातात बघून.

आणि त्या माणसाचं नवीन पान ओळखायचं असेल तर फोटो बघा. नाव बदललंय, फोटो तेच आहेत. हिरवी कटिंग मॅट, उजव्या कोपऱ्यात इस्त्रीनं भाजल्यासारखा तपकिरी डाग, त्यावर ओळीत सहा डबे, आणि सहाही डब्यांची लेबलं डावीकडं थोडी वाकडी.