इन्व्हर्टर, जनरेटर की सोलर दिवा? खानापूर-निपाणीकडच्या पावसाळ्यासाठी

मृगाच्या तोंडावर दुकानात गेलात की आधी इन्व्हर्टरच पुढं केला जातो. घ्यायला हरकत नाही, पण तुमच्याकडं लाईट गेली की किती वेळ जाते ते आधी बघा. बेळगाव शहरात, टिळकवाडी-शहापुरात, बहुतेक वेळा काही तासांत येते. खानापूरच्या घाटाकडं, कणकुंबी-आमगावला, तारेवर झाड पडलं आणि वर ओढाही भरला, तर लाईनमन पोचायलाच दिवस लागतात. तासांची सोय आणि दिवसांची सोय एकाच यंत्रात मिळत नाही.

इन्व्हर्टरचा हिशेब सोपा आहे. १५० एएच (अँपिअर-तास), १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तासांची असते. प्रत्यक्षात हजार-अकराशे हाताला लागले तरी खूप. ९ वॉटचे तीन बल्ब आणि एक जुना पंखा मिळून शंभर वॉट होतात, म्हणजे दहा-अकरा तास. पंखा बंद ठेवला तर दिवसभर ओढते. (तसंही जुलैत जांबोटीला पंखा लावतो कोण?) पण एकदा उतरली की ती भरायला परत लाईटच हवी. शिवाय विहिरीवरची १ एचपीची मोटर घरगुती इन्व्हर्टर उचलत नाही, म्हणजे उजेड आहे आणि घागर रिकामी. शहरात मात्र मी डोळे झाकून इन्व्हर्टरच घेईन.

मोटर चालवायचीच असेल तर जनरेटर. मोटर सुरू होताना कितीतरी पट करंट ओढते, त्यामुळं मोटरपेक्षा बराच मोठा घ्यावा लागतो. १ केव्हीएचा लहानसा पेट्रोल जनरेटरसुद्धा तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास पितो आणि रस्ता बंद झाला की पेट्रोल पंपही तुटला. घरात कॅन भरून ठेवणं जोखमीचं. एकट्या घराला हा परवडत नाही. वाडीतल्या चार घरांनी मिळून घेतला तर गोष्ट वेगळी. दोन गोष्टींत मात्र हयगय नको. पाऊस लागतो म्हणून तो सोप्यात किंवा गोठ्यात चालवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. आणि त्याची वायर घरातल्या सॉकेटात खुपसू नका. चेंजओव्हर स्विच (बाहेरची लाईन तोडून जनरेटर जोडणारा) नसेल तर करंट उलटा बाहेरच्या लाईनवर जातो आणि तिथं खांबावर चढलेला माणूस असतो.

सोलरला लोक हसतात, कारण आभाळ आठ-आठ दिवस उघडत नाही. खरं आहे, ५० वॉटचं पॅनेल अशा दिवशी नावालाच चालतं. पण ३ वॉटचा दिवा आणि एक साधा मोबाईल यांना तेवढंही पुरतं. फ्रीज, टीव्ही विसरा. घाटाकडच्या घराला माझं मत यालाच. जोडीला एक पॉवर बँक, आणि वाचलेल्या पैशात पाण्याची टाकी. विहिरीवरचा जुना राहाट मोटर बसवल्यावर काढून टाकला असेल तर तो परत बसवा, दोरही नवा घ्या.

निपाणी-सदलग्याच्या नदीकाठचा मामला निराळा. तिथं घरात बसून राहायचंच नसतं. २०१९ आणि २०२१ साली वेदगंगेच्या पाण्यानं यमगर्णीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला होता. हमरस्त्याची ही गत, तर मळ्यातल्या वाटेचं काय? पन्नास-साठ किलोची बॅटरी ऐनवेळी कोण उचलणार? ती जमिनीलगत ठेवलेली असते, म्हणजे पाणी पहिलं तिथंच. आधीपासून घरात असेल तर छातीइतक्या उंच फळीवर चढवा आणि निघताना मेन स्विच पाडा. नव्यानं घेणाऱ्यानं पिशवीत मावेल तेच घ्यावं: चार्जिंगचा दिवा, पॉवर बँक, आणि रेशनकार्ड-उताऱ्याच्या प्लास्टिक पिशवीशेजारी एक साधा बटणांचा मोबाईल, ज्याची बॅटरी तीन-चार दिवस टिकते.